सुतळीनं बांधलेलं जॅकेट

"आई, हे लाइफ जॅकेट टाकू नकोस. बक्कल आधीच तुटकं होतं, बोटवाल्यांनी सुतळीनं बांधून दिलं," दवाखान्यात माझी स्वरदा म्हणाली होती. तलावात वॉटर स्कूटर उलटली, तेव्हा ते तिच्या एका दंडाला लटकत होतं. "जपून ठेवीन," मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. वस्तूंत जीव अडकतो म्हणून तेराव्याला तिच्या कपड्यांबरोबर जॅकेटही मीच बेतवा नदीत सोडलं. आज सिविल लाइंसमधल्या वकिलांनी भरपाईचे कागद मिटले. "माताजी, बोटवाले कहेंगे, लड़की ने जैकेट पहनी ही नहीं. सबूत तो आपने बहा दिया." मी विचारलं, "भैया, वो जैकेट डूब गई होगी?" "डूबेगी कैसे? इसीलिए तो बनती है." मी प्रदोषाचा उपास न सोडताच घाटावर गेले आणि प्रवाहाच्या दिशेनं काठाकाठानं चालू लागले.