‘बघू’चा अर्थ

घरच्या संगणकात नवी प्रणाली बसवण्याआधी त्यानं शिकलेले घरातल्या शब्दांचे अर्थ तपासून द्यायचे होते. हा संगणक आजवर सगळ्यांचं बोलणं ऐकून परस्पर कामं उरकायचा. आज तो शिकलेला एकेक अर्थ वाचून दाखवत होता आणि अच्युतराव, रद्दी विकायला जिवावर यावं तसे, प्रत्येकाला "असू दे" म्हणत होते.

"अच्युतरावांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. ठेवू?"

मेथी निवडणाऱ्या वृंदाताईंचे हात थांबले. "म्हणून मेघालयाची तिकिटं कधी निघालीच नाहीत?"

"ताई, दर उन्हाळ्यात तुम्ही विचारलंत, ते ‘बघू’ म्हणाले, मी विषय बंद केला."

"अहो, मला वाटायचं, तुम्ही खरंच बघताय!"

अच्युतरावांनी चष्मा पुसला. "अगं, मलाही तसंच वाटायचं."

वृंदाताईंनी नवऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस प्रथमच खरं बोलला होता बहुतेक.

"एक तिकीट काढ रे," त्यांनी संगणकाला सांगितलं.

"दोन!" अच्युतराव घाईघाईनं म्हणाले.

संगणक घुटमळला. "ताई, ह्यांच्या ‘दोन’चा अर्थ काय धरू?"

"आधी तिकिटं काढ," वृंदाताई म्हणाल्या. "अर्थ विमानात बसल्यावर कळेल."