सैल सांधा

गाडी त्याच वळणावर पुन्हा घसरली.

"इंजिनाला दारूबिरू पाजलीस की काय गं?" आई खेकसली.

मुलगी हसली नाही. तिचं सगळं लक्ष आईच्या उजव्या हाताकडे होतं. तो मांडीवर नुसता पडून होता, परक्याचा असल्यासारखा. अपघातात त्याच्या नसा तुटल्या होत्या. त्या जोडल्या, पण अंगठा आणि तर्जनी एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हती. आणि आई होती दातांची डॉक्टर! व्यायामाचा रबरी चेंडू तिने कधीच खिडकीबाहेर भिरकावला होता. उद्या सकाळी दवाखान्यातली पेशंटची खुर्ची न्यायला गिऱ्हाईक येणार होतं. खुर्ची गेली की दवाखाना गेला, आणि दवाखान्याबरोबर आईही गेल्यासारखीच.

उरली ही गाडी. रडक्या पोरांना भुलवायला बाहेरच्या खोलीत ठेवलेली, बॅटरीवरची. रुळांचे तुकडे बारीक पितळी पिनांनी जोडलेले. बोगदा हातमोज्यांच्या खोक्याचा.

"उचल ना आई, मी डबे जोडतेय."

आईने डावा हात पुढे केला.

"डावा नको! सकाळी डाव्याने बटणं लावलीस, तर कॉलर कानाला टेकली. बोगदा पाडशील माझा."

"फार शहाणी झालीयेस." आईने हात मागे घेतला.

मुलीने निमूटपणे स्वतःच इंजिन रुळावर ठेवलं. ते सुटलं. बोगद्यातून बाहेर पडलं, वळणावर उडालं आणि या वेळी थेट टेबलाच्या कडेकडे धावलं. खाली दगडी फरशी.

मुलीला ते सहज धरता आलं असतं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. मुठीत एक पितळी पिन टोचत होती.

"अगं, धर ना!"

"तूच धर!"

पुढची चाकं कडेबाहेर गेली. इंजिन कललं. मुलीने डोळे गच्च मिटले आणि फुटल्याचा आवाज यायची वाट बघितली.

आवाज आलाच नाही.

तिने डोळे उघडले. आईचा अंगठा आणि तर्जनी इंजिनाच्या धुरांड्यावर मिटली होती. लटपटत होती, पण मिटली होती. चाकं हवेत गरगरत होती.

आईने इंजिन खाली ठेवलं, त्या वळणाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि आत निघून गेली. मुलीने गुपचूप पिन जागेवर बसवली आणि आईचा बारीक चिमटा हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवून दिला. त्याच्याशिवाय ती पिन निघायची नाही, आणि डाव्या हाताने तो चिमटा धरणं आईला बापजन्मात जमलं नसतं.

आज ती मुलगी साठीला टेकलीय. तिच्या घरातली एक अख्खी खोली रुळांनी भरलीय: पूल, घाट, तीन स्टेशनं. हे वेड लागलं कधी, असं कुणी विचारलं, तर ती त्या संध्याकाळबद्दल बोलत नाही. दुसऱ्या सकाळबद्दल बोलते.

गिऱ्हाईक यायच्या आत आणखी एकदा सांधा सैल करावा, म्हणून ती धावत टेबलापाशी गेली.

पिन आधीच काढलेली होती. शेजारी चिमटा पडला होता.