चौथी ओळ

त्या पत्राला तुर्दुबेक आगायांनी, म्हणजे तुर्दुबेक गुरुजींनी, चौदा महिने उत्तर दिले नव्हते. 'जागतिक आरोग्य' या विषयाच्या परीक्षेसाठी मंडळाने पाच देशांना मिळून एकच गुणतक्ता केला होता. तो नारीन शहरातल्या कॉलेजात कसा चालतो ते जुने शिक्षक म्हणून कळवा, एवढेच पत्रात होते. आगायांनी चार वेळा सुरुवात केली. प्रत्येक वेळी वाटले, आपल्याला काय कळते? तक्ता करणारी माणसे आपल्याहून शिकलेली असणार.

आज परीक्षा होती. गावोगाव आरोग्यसेवक म्हणून जाणाऱ्या मुलांना एकेक करून आत सोडत होते. घरासारख्या मांडलेल्या खोलीत लोकरीचा नमदा अंथरला होता, बुटक्या मेजावर नान आणि चहा. ऊमसुन आपा या म्हातारीला कॉलेजने भूमिका दिली होती ती अशी: तिचा मुलगा मॉस्कोहून बांधकामावरून परतला आहे, दोन महिने खोकतो आहे, आणि अब्रूपायी ती हे लपवते आहे. मुलांना यातले काही सांगितलेले नव्हते. त्यांनी ते काढून घ्यायचे.

भिंतीलगत दोन परीक्षक बसले होते, आगाय आणि विभागप्रमुख मीरगुल एजे, म्हणजे मीरगुलताई.

अकरा जण येऊन गेले. हात धुतले, मास्क लावला, यादीतले प्रश्न ओळीने विचारले.

"घरात कुणाला खोकला?"

"नाही रे बाळा."

"कुणी परदेशातून आलंय?"

"आमच्याकडे कोण येतंय!"

अकराही जण चांगल्या गुणांनी बाहेर पडले. आजारी मुलगा मात्र एकालाही सापडला नाही.

मीरगुल एजे वैतागल्या. "आपा, नीट विचारलं तर सांगायचं ठरलं होतं ना?"

"नीट कुठं विचारलं? दारात नान पुढे केला, एकानंही तोंड लावलं नाही. माझा नान न चाखता आत घुसतो, त्याला मी घरातलं सांगू?"

बारावी आली बुरुल. कोक-बेल गावची. तिथे दोन वर्षे आरोग्यसेविका नव्हती, आणि ही पास झाली तरच मिळणार होती.

बुरुल उंबऱ्यातच थांबली. "आपा, आधी नान द्या, मग आत येते. चढ चढून जीव गेला."

"घे पोरी, घे. कुणाची गं तू?"

"कोक-बेलच्या एसेनची."

"एसेनची? तरीच! तो एकदा बोलायला लागला की मेंढ्यासुद्धा उठून जातात."

बुरुलने हसत एक तुकडा तोडून तोंडात टाकला, मास्क लावला, आत आली आणि सरळ खिडकी उघडली. "राग मानू नका हं, चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरतात." खोलीत चूल नव्हती. ती खिडकीशी बसली. मेंढ्यांची, गुडघ्यांची चौकशी झाली. मग हळूच म्हणाली, "थोरला कुठं असतो? मॉस्कोलाच?"

आपाने दाराकडे एक नजर टाकली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आलाय. खोकतोय. गावाला कळलं तर त्याला मुलगी कोण देईल?"

"माझा भाऊ असाच आला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या. यंदा लग्न झालं त्याचं. उद्या सकाळी मी डबी घेऊन येते, त्यात थुंकी घ्यायची आणि माझ्याच हातात द्यायची. कुणी विचारलं तर सांगा, दूध मागायला आली होती."

मीरगुल एजेंचे पेन केव्हाच गुणतक्त्याच्या चौथ्या ओळीवर गेले होते. *संशयित रुग्णाच्या घरी काहीही खाल्ले-प्यायले: थेट नापास.*

"नापास," त्या म्हणाल्या.

बुरुल उठून उभी राहिली.

"खिडकी का उघडलीस?" आगायांनी विचारले. त्यांनी सकाळपासून विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"खोकला हवेतून येतो, आगाय. नानातून नाही येत."

"पण तेव्हा तुला खोकल्याचं माहीत कुठं होतं?"

"आमच्याकडे कुठल्या घरातलं कुणी मॉस्कोला नाही? येताना खोकला घेऊनच येतात."

मीरगुल एजेंनी तक्ता पुढे सरकवला. "मलाही वाईट वाटतं. पण आज हिला सोडलं, तर उद्या सगळे घरोघर मेजवान्या झोडतील. करा सही."

एकोणीस वर्षे आगाय एजेंच्या सहीखाली सही करत आले होते.

"नाही करत."

"काय?"

"नाही करत, एजे." त्यांनी आपल्या रकान्यात 'पास' लिहिले. परीक्षकांचे मत जुळले नाही की निकाल मंडळाकडे जाई. त्यांनी तिथेच एक कोरा कागद ओढला.

*चौथी ओळ काढून टाका. तिच्या जागी लिहा: उमेदवाराने दारात नान चाखला का? सोबत बुरुलचा तक्ता आहे, आमची दोन्ही मते त्यात आहेत. गेल्या वर्षी या ओळीच्या धास्तीने शिकलेली एकतीस मुले आज गावोगाव दारातला नान नाकारत फिरतात, आणि लोक त्यांना काही सांगत नाहीत. मी वेळेवर लिहिले असते तर हे टळले असते.*

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिले.

मीरगुल एजे टपालपेटीपर्यंत बरोबर आल्या. "नाव वाचून पहिलं हेच विचारतील, चौदा महिने होतात कुठं?"

"विचारू देत."

आगायांनी पाकीट फटीतून आत सोडले आणि ते तळाला पडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत हात मागे घेतला नाही.