लोकार्पण

वीज गेली आणि आमदारांचं तोंड नुसतंच हलत राहिलं. डोमाजीला बरं वाटलं. पण ते सुख फार टिकलं नाही. मंडपवाल्या श्यामने मंचामागे काहीतरी खटपट केली, आणि भोंगा पुन्हा बोंबलायला लागला.

"माजी सैनिकांच्या या रुग्णवाहिकेचा निधी आम्ही आणला!"

शेजारच्या खुर्चीवरून माजी आमदार ताडकन उठले. त्यांनी माईक ओढला. "मंजुरी आमच्या काळातली! तुम्ही तर डॉक्टरचे आन् औषधाचे पैसे कापले!"

"तिजोरी कोणी खाली करून ठेवली होती?"

भातकुलीच्या त्या मैदानावर रुग्णवाहिका मंचासमोर उभी होती. गळ्यात झेंडूच्या माळा, समोर लाल फीत. अख्खा पावसाळा तिने इथेच काढला होता. चाकं काळ्या मातीत रुतली, तरी दारावर फोटो कोणाचा लावायचा ते ठरेना. शेवटी दोघांचेही लागले. पैसा लोकांचा, पण मिरवायला हे दोघे. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! डोमाजीला किळस आली.

त्याने उभी जवानी फौजेच्या गाड्या चालवण्यात घालवली होती. आज त्याच्या हातात एक तबक होतं आणि तबकात हळदकुंकू लावलेली गाडीची किल्ली. शेजारी त्याच्याच पलटणीतला पंजाबराव बसला होता. पंजाबरावाचं हृदय थकलं होतं. दर महिन्याला दोन एसट्या बदलून, धक्के खात तो नागपूरला तपासायला जायचा. ही गाडी खरं तर त्याच्यासारख्यांसाठीच होती. म्हणून आज तो कडक इस्त्रीचा कोट घालून, छातीवर पदकं लावून आला होता. ऊन डोक्यावर आलं तरी कोट काढायला तयार नव्हता.

मंडपात टाळ्या पडल्या. "टाळ्या पाह्य कशा वाजून राह्यल्या त्याइच्यासाठी," डोमाजी पुटपुटला. "आपल्यासाठी कवा वाजतीन?"

पंजाबराव हसला. "जित्या फौजीले टाळ्या नाई भेटत, लेका. त्याच्यासाठी मरा लागते."

हसता हसताच त्याने छाती दाबली, आणि खुर्चीसकट कलंडला.

डोमाजीने तबक फेकलं, किल्ली उचलली आणि धावला. फितीपाशी एका कार्यकर्त्याने त्याला अडवलं.

"काका, फीत कापल्याबिगर गाडी कशी काढता? साहेबाइचं भाषण चालू हाय."

"माणूस मरून राह्यला आन् तुले फीत सुचते काबे?"

त्याने फीत छातीनेच तोडली. आत बसला, किल्ली फिरवली. काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही. त्याने पुन्हा फिरवली. मग उतरून बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती.

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. वीज गेल्यावर माईक चालू झाला होता, पण जनरेटरची घरघर काही ऐकू आली नव्हती. तो मंचामागे गेला. गाडीची बॅटरी तिथे विटेवर ठेवली होती आणि तिच्या वायरी थेट भोंग्याकडे गेल्या होत्या.

श्याम हात जोडून उभा राहिला. "काका, लाइटीचा भरोसा नाई म्हून सकाळीच काढून ठेवली. माईक बंद पडला तं बिल नाई देनार म्हने. मंग मी काय करू?"

डोमाजीने वायरी उपटल्या. वर कोणाचं तरी "आम्हीच" अर्ध्यावर तुटलं. त्याने बॅटरी छातीशी धरून आणली, बसवली, आवळली. किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. बॅटरीत होतं नव्हतं ते सगळं दोन्ही साहेबांनी मिळून बोलून संपवलं होतं. आयुष्यात तेवढं एकच काम त्यांनी एकीनं केलं. ढकलून सुरू करावी, तर चाकं मातीतून हलेनात.

तो आमदारांच्या गाडीकडे वळला. चालकाने काच अर्धीच खाली केली. "साहेबाले अकोल्याच्या सभेले जायचं हाय, काका." काच वर गेली.

एवढ्यात मैदानाच्या कडेला भाजीवाल्या गोपालने आपल्या टेम्पोतल्या वांग्यांच्या क्रेटी भराभर खाली फेकल्या. "आना त्याइले इकडं! अमरावती काई लांब नाई!"

तिघाचौघांनी पंजाबरावाला उचलून टेम्पोत निजवलं. डोमाजीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कोटाची बटणं सोडली. टेम्पो आदळत आपटत रस्त्याला लागला.

तोच वीज आली. भोंगा खाकरला आणि आमदारांचा आवाज टेम्पोच्या मागे धावत आला.

"पाहिलं ना, मंडळी? असाच प्रसंग येतो, म्हणून तर ही गाडी आम्ही आणली!"

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

पंजाबरावाने डोळे किलकिले केले. ओठ कोरडे पडले होते. डोमाजी कान देऊन वाकला.

"डोमा," तो घाबरून म्हणाला, "टाळ्या काहून वाजून राह्यल्या? मी मेलो का?"