मोहाची गुळणी

केवळरामने मोहाच्या दारूची गुळणी केली, खळखळून थुंकली आणि बाटलीत उरलेले थेंब सदऱ्याच्या कॉलरवर शिंपडले. वास नीट यायला हवा होता. बाहेर अंगणात शहापूरचे पाहुणे येऊन बसले होते. आज रंजूचं साक्षगंध होतं, आणि जन्मात दारूचा घोट न घेतलेला तिचा बाप आज चारचौघांत दारुडा ठरणार होता.

"पुरे झालं न जी आता," त्याची बायको बायाबाई नाक दाबून म्हणाली. "मलेच चढून राहिली."

हे सगळं करावं लागत होतं ते त्याच्या पायांमुळे. गेल्या काही वर्षांत चालताना त्याचे पाय फाकायला लागले होते, तोल जात होता, जीभ जड पडत होती. काही उचलायला हात पुढे केला की बोटं थरथरत भलतीकडेच जात. तलावावर, डोंग्यात बसल्यावर मात्र यातलं काही कुणाला कळत नसे. पाण्यावर सगळेच डुलतात. तो बसल्या बसल्या जाळं फेकी आणि रंजू बांबू टेकवून डोंगा धरून ठेवी.

नागपूरच्या दवाखान्यात रंजूच त्याला घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे समजावून सांगितलं. मेंदूत तोल सांभाळणारा एक भाग असतो, तो झिजत चालला आहे. गोळ्यांनी ते थांबणारं नाही. हे दुखणं वाडवडिलांकडून रक्तातून येतं, आणि एकाच घरात प्रत्येकाला वेगळ्या रूपात भेटतं. ऐकता ऐकता केवळरामला घरातलं एकेक माणूस आठवत गेलं. मोठी बहीण चंद्रकला हिची चाळिशीतच जीभ अडखळू लागली, तर लोक म्हणाले, फार शिष्ट झाली, बोलतच नाही. आत्याचे हात उतारवयात कापायचे, ते म्हातारपणावर गेलं. आणि बाप डुलत चालायचा, त्याला अख्खं सिहोरा गाव दारुडा म्हणायचं. केवळरामही म्हणायचा. म्हणून तर त्याने स्वतः कधी ग्लासाला हात लावला नव्हता. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून तो बापासाठी पोटभर रडला.

"अन् माह्या पोरीले?" त्याने आत विचारलं होतं.

होईल किंवा होणारही नाही, दोन्ही सारखंच शक्य आहे, असं बाई म्हणाल्या. तपासणी करायची की नाही, ते तिचं तिने ठरवायचं.

परतताना एसटीत रंजू म्हणाली, "बाबा, भूपेशले सांगून टाकू." भूपेश म्हणजे मोटरसायकलला क्रेट बांधून तलावावर मासे घ्यायला येणारा शहापूरचा पोरगा. मासे कमी आणि रंजूकडेच जास्त बघायचा.

"सांगशील त घरीच बसशील," केवळराम म्हणाला. "दारुड्याची पोरगी लोक करून नेतात. असं दुखणं घरात कोणी नाही नेत."

एका भल्या पोराला आपण फसवतो आहोत, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण लेकीचा विषय आला की या माणसाचं सगळं शहाणपण गुंडाळून ठेवलं जायचं. रंजू पुढे काही बोलली नाही, आणि गप्प बसली म्हणजे पटलं, असं त्याने धरून टाकलं.

तो अंगणात आला तोच मुळी झोकांडी खात. ठरल्याप्रमाणे बायाबाईने तोंड सोडलं. "आजच्या दिवशी त सोडाची होती जी! लाज नाही वाटत?" बिचारीला इतक्या वर्षांत नवऱ्याला शिव्या द्यायची संधीच मिळाली नव्हती. आता ती अशी रंगात आली की तिला आवरायला केवळरामला डोळे वटारावे लागले. भूपेशच्या आईने, रुखमिणीने, पदर तोंडावर धरला. वासाने असेल.

"काय इवाई, सकाळपासूनच?" तिने व्याह्याला विचारलं.

"खुशीची हाय, इहीनबाई, खुशीची!" म्हणत तो दोन झोके जास्तीचे डुलला, खऱ्यात खोटं मिसळायला गेला आणि सतरंजीवर धपकन बसला. पाहुणे हसले. केवळरामचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात कुंकवाचं ताट समोर आलं. मुलीच्या बापाने जावयाला टिळा लावायचा असतो. एवढा सगळा बेत आखताना नेमकं हेच त्याच्या डोक्यातून गेलं होतं. समोर भूपेश मान पुढे करून बसला होता. केवळरामने कुंकवात बोट बुडवलं. दारुड्याचाही हात कापतोच की, असं स्वतःला बजावत त्याने ते पुढे नेलं. बोट कपाळ सोडून कानाकडे गेलं. मागे आणलं तर थेट डोळ्याकडे निघालं. कुंकू भूपेशच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. आता कुणी हसत नव्हतं. केवळरामने रंजूकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसलेली नव्हती, ती सरळ भूपेशकडे बघत होती.

भूपेशने हळूच त्याचं मनगट धरलं आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं बोलला.

"मामाजी, कायले नाटक करता? रंजूनं मले लगनाचं ठरवाच्या आंधीच सगळं सांगतलं. तुमचं बी, अन् तिचं पुढं काय होऊ शकते ते बी. मायले बी माहीत हाय."

केवळरामचे डोळे वाहायला लागले. हात सोडवून घ्यायची धडपड करत तो कसाबसा म्हणाला, "सोडा जवाईबापू, लावतो न मी."

भूपेशने मनगट सोडलं नाही. ते कापणारं बोट त्याने आपल्या कपाळावर बरोबर मधोमध टेकवलं.

"हात ढिला सोडा, मामाजी. मले आतापासूनच सवय होऊ द्या."