शेळीचा वाटा

तेलगावच्या पोषण शिबिरातून आल्यापासून रोहिणीनं घरात काही टाकू दिलं नाही. मुळ्याचा पाला भाजीत गेला, बटाट्याची सालं थालीपिठात, भाताची पेज वरणात. शिबिरात मिळालेला तक्ता तिनं ओसरीच्या भिंतीला चिकटवला. रोज त्यावर बोट ठेवून ती सासूला, बायनाबाईंना, जीवनसत्त्वं शिकवायची.

आठवड्यानं ती खुशीत म्हणाली, "आत्या, बगा, आता एक सालबी वाया जात न्हाई."

"आदी तरी कुटं वाया जायचं बाई? समदं शेळी खायाची."

दोघींनी ओसरीकडं पाहिलं. दावं तोडून आलेली शेळी तक्त्याचा शेवटचा तुकडा चघळत होती.

रोहिणी धावली, तसा बायनाबाईंनी हसत तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. तिलाबी कळू दे, आपुन तिचं काय काय खाल्लं ते."