पेडल जमिनीला टेकतं

"चौथ्यांदा, नजीरभाई. चौथ्यांदा ब्रेकचं पेडल जमिनीला टेकलं." महिपतने जीपची किल्ली मिस्त्रीच्या बाकड्यावर आपटली. "मागं बसलेली अकरा माणसं घाटात देवाचा धावा करत होती. डुप्लिकेट माल घालतोस आणि तोंड वर करून हिंडतोस?"

वाडीभर तो हेच सांगत होता. त्याच्या जुन्या जीपशिवाय वाडीला दुसरी गाडी नव्हती, आणि आज त्याची पोटुशी सूनसुद्धा परतीला चालत जाईन म्हणाली होती.

नजीर गाडीखाली शिरला. ब्रेकचा सिलिंडर खोलून आतली रबरी वाटी त्याने महिपतच्या तळहातावर ठेवली. भिजवलेल्या वालासारखी ती टम्म फुगली होती.

"मीच बसवलेली आहे, कंपनीचा छाप बघ. आता सांग, दर वेळी अमावस्येनंतरच कशी बिघडते?"

"अमावस्येला मी गाडीची पूजा करतो. नारळ फोडतो, लिंबू बांधतो, पळीभर तिळाचं तेल वाहतो."

"कुठं वाहतोस?"

महिपतने बॉनेट उचलून मोठ्या अभिमानाने ब्रेक ऑइलच्या डबीवर बोट ठेवले. ते बोट तिथेच राहिले.

"त्या तेलानं रबर फुगतं आणि ब्रेक जातो, शहाण्या." आता नजीरचा आवाज चढला. "आणि वाडीभर चोर मी झालो."

महिपत बाहेर गेला. ताटकळलेल्या माणसांसमोर, सुनेसमोर, त्याने टोपी काढली.

"नजीरभाईचा माल चोख होता. ब्रेक मी घालवले. वाडीतही हे मीच सांगेन."